अकरा बायकांची चौदा गाणी

रविवार, ९ डिसेंबर २०१८. रक्कम पंचाहत्तर हजार रुपये. ठिकाण भवानी पेठेतली अक्कांची खोली. हजर चौघे: पुण्याहून आलेले एका म्युझिक कंपनीचे प्रतिनिधी, रेकॉर्डिंगवाले रफिकभाई, अक्का आणि मी. चहा झाला होता. प्रतिनिधींनी चेक आणि करारनामा चटईवर ठेवला. अक्कांची नजर तेव्हा उतरत चालली होती आणि दिवसाला हजार विड्या वळणारे हात जेमतेम सहाशेवर आले होते. चेककडे त्यांनी पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "नावाचा रकाना वाच."

मी वाचला. चौदा गाणी होती आणि गीतकाराच्या रकान्यात चौदा वेळा एकच शब्द होता, 'पारंपरिक'.

"म्हंजे कुणाचं?" अक्कांनी विचारलं.

"म्हणजे तसं कुणाचंच नाही, आजी," प्रतिनिधी समजुतीनं म्हणाले. "लोकगीतं आहेत ना ही. पण तुमची हरकत असेल तर तिथं तुमचंच नाव घालू. गायिकाही तुम्ही, गीतकारही तुम्ही. आमचं काही अडत नाही."

"ह्यातलं एक पण माझं न्हाय," अक्का म्हणाल्या. "आणि चोरीची वाटी मी घरात ठेवत न्हाय. चेक उचला. चहा आणखी पायजे का?"

प्रतिनिधी गेल्यावर रफिकभाई म्हणाले, "अक्का, पचहत्तर हजार थे जी."

"मोजता येतंय मला," अक्का म्हणाल्या.

खरं म्हणजे अक्का मोजत नसत. त्यांच्या पिढीतल्या विडी वळणाऱ्या बायकांपैकी आमच्या बोळात तरी कुणीच मोजत नसे. विडीचा कट्टा पंचवीस विड्यांचा. पाच-सात जणी मांडीवर सूप घेऊन बसत. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. तोंडानं आकडे म्हणत बसलं तर दिवस जात नाही, आणि कट्ट्यात एक विडी कमी भरली तर कारखान्यातला तपासणारा सगळा कट्टा मोडून टाकतो. म्हणून गाणी होती. एक ओळ गायची, एक विडी बांधायची. गाणं पंचवीस ओळींचं. गाणं संपलं की कट्टा भरला. भाषा आमच्या घरांसारखीच, अर्धी तेलुगू आणि अर्धी मराठी. चोवीस ओळींत काहीही असे: सासूचे दात, तपासणाऱ्याच्या मिशा, पावसात भिजलेली पानं, रजाकाराच्या काळात आंध्रातून चालत आलेली आजी. पंचविसाव्या ओळीत जिनं गाणं रचलं तिचं नाव. ते नाव आलं की सगळ्या एकदम कट्ट्याला दोरा आवळत.

गाण्यांना वेगळी शीर्षकं नव्हती. "लक्ष्मव्वाचं घ्या," "मल्लव्वाचं घ्या," एवढंच. माझ्या आईचं, सत्यव्वाचं, एक गाणं होतं. त्याची शेवटची ओळ होती, 'सत्यव्वा म्हणते, बाई, माझं सूप रितं झालं.' अम्मा गेली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. तिच्या हस्ताक्षरातला एकही कागद माझ्याकडे नाही, कारण तिला लिहिता येत नव्हतं.

माझ्या आईशेजारी बसून विड्या वळणाऱ्या अक्कांचं स्वतःचं गाणं मात्र नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला न्हाय जमलं. देवानं गळा मला दिला आणि डोकं लक्ष्मव्वाला." लक्ष्मव्वाची तीन गाणी, आणखी एकीची दोन, बाकी नऊ जणींचं एकेक. अशा अकरा बायका. त्यांतल्या नऊ जणी अक्कांच्या आधीच गेल्या होत्या. सगळी चौदा गाणी पाठ असलेल्या अक्का एकट्या उरल्या.

नाव नसलेली वस्तू अक्कांना सहन होत नसे. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरायची आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. अक्कांनी तिला धर्माचं स्वरूप दिलं होतं. त्यांच्या फळीवरची प्रत्येक वाटी कुणाची, कुठल्या प्रसंगाची, हे त्या बोट फिरवून सांगत. एकदा माझ्या बायकोनं त्यांना डब्यात शेंगाची चटणी पाठवली. डबा आठ दिवस परत आला नाही. आला तो झाकणावर आणि बुडाला, दोन्हीकडे बायकोचं नाव कोरून. भांडीवाल्याचे वीस रुपये अक्कांनीच दिले होते. "झाकान येगळं पडलं तर?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. माझी बायको संकोचली, म्हणाली, "अक्का, साधा डबा तो." अक्का म्हणाल्या, "साधा हाय म्हणूनच. चांदीचा आसता तर तू सोताच इसरली नसतीस."

गाण्यांची सीडी करायचं त्यांनी २०१८ च्या उन्हाळ्यात ठरवलं. खर्च त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातला. रफिकभाईंचं दुकान आधी कॅसेटचं, मग सीडीचं आणि तेव्हा मोबाइलमध्ये गाणी भरून देण्याचं झालेलं. मागच्या खोलीत माइक आणि संगणक होता. मी एका शाळेच्या कार्यालयात क्लार्क आहे आणि देवनागरी टंकन येतं, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे आली.

चार दिवस अक्का मांडीवर रिकामं सूप घेऊन गायल्या. सूप नसेल तर ओळ पुढं सरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. रफिकभाईंनी चौदा गाणी एका सीडीत बसवली आणि आम्हाला ऐकायला त्यांच्या मारुती व्हॅनमध्ये बसवलं. पहिलं गाणं तेराव्या ओळीवर हळूहळू विरत गेलं आणि दुसरं सुरू झालं.

"थांबवा," अक्का म्हणाल्या. "बारा विड्या कुणी नेल्या?"

"अक्का, सीडीत ऐंशी मिनिटंच बसतात," रफिकभाई म्हणाले. "तुमचं एकेक गाणं साडेदहा मिनिटांचं. चौदा गाणी कैसे बैठेंगे? सगळे असंच करतात, फेड मारतात."

मी मनात गुणाकार केला. साडेदहा गुणिले चौदा, एकशे सत्तेचाळीस मिनिटं. रफिकभाईंचं गणित बरोबर होतं.

"एका सीडीत बसत न्हाय तर दोन करा," अक्का म्हणाल्या. "शेवटाला नाव हाय. ते कापून कसं चालंल?"

"खर्च डबल होईल."

"माझा फंड हाय. तुमचा हाय का?"

मग त्यांचं लक्ष गाडीच्या प्लेअरच्या निळ्या पट्टीकडे गेलं. तिथं काहीतरी लिहिलेलं होतं. मी वाचून दाखवलं: ट्रॅक झिरो वन.

"ही ट्रॅक कोण? आपल्यात कधी बसायची?"

रफिकभाई हसले आणि म्हणाले की डिस्कमध्ये नाव लिहिता येतं, पण आजकाल कुणी लिहीत नाही. अक्का गाडीतून उतरल्या त्या हे काम मला सांगूनच. पहिल्या वेळी मी नावं देवनागरीत भरली. पट्टीवर नुसते चौकोन आले. दुसऱ्या वेळी रोमन लिपीत भरली. तेव्हा 'लक्ष्मव्वाचं पहिलं' ही अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत गेली. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. माझ्यावर विश्वास होता, तरी त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या दोन माणसांना थांबवून ते वेगवेगळं वाचायला लावलं. दोघांनी तेच वाचलं तेव्हा मान हलवली. मला याचा राग आला नाही. मीही पावत्या अशाच तपासतो.

पण एक चूक माझ्या हातून झाली, आणि ती लिहिलीच पाहिजे. सीडीच्या कव्हरचा मजकूर करताना मी खाली छापलं होतं, 'गीत: पारंपरिक'. सगळ्या कव्हरांवर तसंच असतं, म्हणून. शीर्षकात नाव आलंच आहे, आता आणखी काय, असंही वाटलं. कव्हरचा नमुना मी अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं. त्याचा अर्थ मीच त्यांना समजावला: जुनं, लोकांचं, कोणी रचलं ते ठाऊक नाही असं.

"तुजी आई तुला ठाव न्हाय व्हय?" अक्का म्हणाल्या.

मी नवीन नमुना केला. त्यामुळे डिसेंबरात पुण्याची माणसं आली तेव्हा तो शब्द अक्कांना नवा नव्हता. कंपनीला या गाण्यांचा पत्ता लागला तो रफिकभाईंनी मोबाइलवर पाठवलेल्या एका तुकड्यातून.

चेक परत गेला त्याच आठवड्यात अक्कांनी ठरवलं की आपली गाणी आपणच इंटरनेटवर चढवायची. कुणीही पैसे भरून हे करू शकतो. एका संस्थेचा ऑनलाइन फॉर्म असतो. फॉर्म मी भरायला घेतला. गीतकाराच्या नावाला दोन रकाने होते, नाव आणि आडनाव. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नव्हतं.

"नवऱ्याचं लिहू," मी म्हणालो.

"लक्ष्मव्वाच्या नवऱ्यानं तिचं सूप तीनदा रस्त्यावर फेकलं. त्याचं आडनाव तिच्या गाण्याला?"

"मग माहेरचं."

"त्यांनी तिला परत घरात घेतलं न्हाय."

"विडीवाली लिव," अक्का म्हणाल्या.

"लक्ष्मव्वाला?"

"सगळ्यांना. काम एकच की."

मी दहा नावं भरली. अकरावं माझ्या आईचं होतं. तिथं माझा हात थांबला. त्या वेळी माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. पाहुणे हल्ली घरातल्यांची नावं टाकून फोनवर सगळं शोधतात. मी म्हणालो, "अक्का, अम्माला आडनाव आहे. माझंच आहे."

"तुला शाळंत घातलं तवा मास्तरनं आडनाव लिवून घेतलं. फी कुणी भरली?"

"अम्मानं."

"कशातनं?"

मी फॉर्म बंद केला.

"लाज वाटत आसंल तर तिचं गाणं काडून टाक," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेरा गाणी ऱ्हातील. पण तिच्या डोक्यावर दुसऱ्याची पाटी ठिवू नगंस."

मी घरी आलो. दोन दिवस फॉर्म उघडला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईंनी कधी कुणापासून लपवलं होतं का? मला बघायला आल्या तेव्हा आल्या आल्या सांगितलं होतं, मी विड्या वळते म्हणून." त्या दुपारी मी 'सत्यव्वा विडीवाली' असं भरलं. मुलीचं लग्न त्याच घरी झालं. कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, इतपत माझी तयारी तोवर झाली होती.

फॉर्म तीनदा परत आला. शीर्षक आणि गीतकाराचं नाव एकच दिसतं, योग्य शीर्षक द्या, असा शेरा. अक्कांनी उत्तर सांगितलं आणि मी जसंच्या तसं इंग्रजीत पाठवलं: गाण्याचं नाव हेच आहे, दुसरं नाही. चौथ्या वेळी तिकडच्या माणसाला कंटाळा आला असावा. गाणी चढली. पहिल्या तीन वर्षांत सहाशे अकरा रुपये जमले, ते अकरा नावांवर वाटण्यासारखे नव्हते, म्हणून खात्यातच राहिले. अक्कांना त्याचं दुःख नव्हतं. त्यांना फक्त नाव दिसतंय ना, एवढं दर महिन्याला तपासायचं असे.

२०२२ मध्ये अक्का मोहोळला एका लग्नाला गेल्या होत्या. वरातीत डीजेवर लक्ष्मव्वाचं पहिलं गाणं लागलं. आवाज दुसऱ्या मुलीचा, खाली धडधड ठेका, बाराच ओळी. अक्का वरातीतून वाट काढत गाडीपाशी गेल्या आणि डीजेवाल्याला म्हणाल्या, "ह्ये बंद कर आणि कुणाचं हाय ते दाव." नवऱ्या मुलाचा मामा चिडला. डीजेवाल्यानं मात्र फोन पुढं केला, वाद नको म्हणून. शेजारच्या पोराकडून अक्कांनी वाचून घेतलं. गीत: पारंपरिक. खाली त्याच पुण्याच्या कंपनीचं नाव.

जेवण न करता त्या एसटीनं परत आल्या आणि थेट माझ्या दारात. "कागद काड," म्हणाल्या.

कंपनीला पाठवलेल्या तक्रारीला आम्ही तीन गोष्टी जोडल्या: आमच्या सीडीचं कव्हर, इंटरनेटवरच्या आमच्या नोंदीची प्रत आणि पंचवीस ओळी पूर्ण. पुढचे अकरा महिने पत्रं चालली. मध्ये कंपनीकडून फोन आला की अक्कांनी गाणं पारंपरिक असल्याचं लिहून दिलं तर सहकार्याबद्दल पंधरा हजार देऊ. तंबाखूच्या धुळीनं अक्कांची छाती तोवर पार धरली होती. औषधांना महिन्याला दोन हजार लागत. मी त्यांना आकडे सांगितले. सांगणं माझं काम होतं.

"माझ्या औषधाला लक्ष्मव्वा इकू व्हय?" त्या म्हणाल्या. बोलता बोलता खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं, मी उठून जाऊ नये म्हणून. मग म्हणाल्या, "लिव. पैसे नकोत. नाव पायजे. न्हाय दिलं तर गाणं काडा."

आणि एके दिवशी ते बदललं. मी धावत अक्कांकडे गेलो. त्या तेव्हा अंथरुणावरच होत्या. फोनवर गाणं काढून, खाली जाऊन, तीन ठिकाणी बोट लावल्यावर ते दिसत होतं. गीत: लक्ष्मव्वा विडीवाली.

"एवढ्या आत लिवलंय?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"आसू दे. लिवलंय तर खरं." जरा वेळानं त्यांनी डोळे उघडले. "ओळी अजून बाराच हायत नव्हं? लिव परत."

मी पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर यायच्या आत, दीड महिन्यानं, अक्का गेल्या. त्यांच्या भांड्यांपैकी काही भाच्यानं नेली. बाकीची ज्यांची नावं त्यांवर होती त्यांच्या घरी मी पोचवली. बावीस नग होते. त्यांपैकी चार भांड्यांची घरं आता त्या पत्त्यावर नाहीत. ती भांडी अजून माझ्याकडे आहेत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कंपनीचा चेक आला. एकवीस हजार सहाशे रुपये, लक्ष्मव्वाच्या गाण्याच्या आजवरच्या कमाईतला गीतकाराचा वाटा. चेक अक्कांच्या नावावर होता, कारण पत्रव्यवहार त्यांचा होता. अक्कांचा भाचा म्हणाला, "काका, माझ्या खात्यात टाकता येईल की. मावशीनंच केलं सगळं." चूक नव्हतं त्याचं. सगळं अक्कांनीच केलं होतं. मी त्याला त्या चटईवरच्या पंचाहत्तर हजारांची हकीकत सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. ती वर बसून शिव्या देईल." मी चेक रजिस्टर्ड पोस्टानं परत केला आणि लक्ष्मव्वाच्या मुलीचं नाव, बँकेचा तपशील पाठवला. ती नागमणी, होटगीला स्टेशनजवळ राहते. दुसरा चेक यायला चार महिने लागले.

तो घेऊन होटगीला मी स्वतः गेलो. नागमणीबाई साठीच्या पुढच्या आहेत. त्यांनी चेक उलटसुलट करून पाहिला, देवापाशी ठेवला आणि विचारलं, "आईचं गाणं हाय का तुमच्याकडं? अक्काच्या आवाजातलं?" मी फोनवर लावलं, आमचं, साडेदहा मिनिटांचं. त्या गुडघे जवळ घेऊन ऐकत होत्या. अकरावी ओळ आली तशी त्यांनी हात वर केला.

"ही ओळ माझी हाय," त्या म्हणाल्या.

मी गाणं थांबवलं.

"आई तितं अडकली हुती. मी सात वर्साची हुते. मी सांगितली, तिला आवडली, घेतली. नाव मात्र तिचंच घातलं की."

"याला पुरावा काही?" मी सवयीनं विचारलं.

"अक्काला म्हाईत हुतं."

"अक्का आता नाहीत."

"म्हणून माझी ओळ गेली व्हय?" नागमणीबाई म्हणाल्या.

मी चष्मा पुसला आणि फोनवर फॉर्म उघडला. गीतकार एकाहून जास्त असतील तर आणखी एक रकाना जोडता येतो. नाव लिहिलं, नागमणी. आडनावाशी येऊन मी वर पाहिलं. "तुम्ही विड्या वळल्यात का?"

"चाळीस वर्सं," त्या म्हणाल्या. "का?"

दुरुस्तीचा तो अर्ज आजवर एकदा परत आला आहे. मी पुन्हा पाठवला आहे. चेक वटला. एकवीस हजार सहाशे रुपये, नागमणी विडीवाली, लक्ष्मव्वाची मुलगी, मुक्काम होटगी.